ठाण्यातली कोंडी आणि पोलिसांची कारवाई: नाक्यावर उभं राहून शिकलेलं

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: ‘घोडबंदर रस्त्यावर पातलीपाड्याला राहतो. सकाळी तीन हात नाक्यापर्यंत यायला कधी पस्तीस मिनिटं लागतात, कधी सव्वा तास. पूर्वीपेक्षा पोलिस आणि वॉर्डन जास्त दिसतात, मोबाइलवर फोटो काढत असतात, मलाही दोन चलनं आली. कोंडी मात्र आहे तिथेच आहे. पोलिसांच्या कारवाईने कोंडी खरंच कमी होते का?’

होते. पण कुठली कारवाई, नेमकी कुठे आणि किती वाजता, यावर सगळं आहे. पोलिस खात्यात माझी तीस वर्षं गेली, त्यातली अकरा वाहतूक शाखेत, आणि त्यातली बरीचशी ठाण्याच्या आणि भिवंडीच्या नाक्यांवर. दंड करणं आणि वाट मोकळी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही आमचीच. पण लोकांच्या आणि पुष्कळदा आमच्याही डोक्यात ती एकच होऊन बसतात, आणि घोळ तिथून सुरू होतो.

आधी रस्त्याच्या रुंदीचा हिशेब सांगतो, कारण तो कळला की बाकीचं आपोआप कळतं. सिग्नलवरून किती गाड्या सुटतील याचं एक साधं सूत्र इंडियन रोड्स काँग्रेसने, म्हणजे रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या संस्थेने, दिलेलं आहे. साडेपाच मीटरपेक्षा रुंद रस्ता असेल तर रुंदीचे जितके मीटर, त्याला ५२५ ने गुणायचं. हिरवा दिवा तासभर सलग राहिला असता तर तितक्या मोटारी सुटल्या असत्या. (दुचाकी अर्धी मोटार धरतात, बस-ट्रक दोनाहून जास्त.) आता तीन मार्गिकांचा, साडेदहा मीटर रुंदीचा रस्ता घ्या आणि ६० सेकंदांचा हिरवा दिवा. सूत्राने साधारण ९२ मोटारी निघतात. डाव्या कडेला, थांबारेषेच्या जरा आधी, एक रिक्षा प्रवासी घ्यायला थांबली, तिच्यामागे कुणी औषधं घ्यायला मोटार लावली. कामाची रुंदी सात मीटरवर आली. तेवढ्याच हिरव्या दिव्यात आता ६१ मोटारी निघतात. सिग्नलच्या एका फेऱ्याला (एका हिरव्यापासून पुढच्या हिरव्यापर्यंत) तीसएक गाड्या मागे राहिल्या. फेरा दीडशे सेकंदांचा असेल तर तासाला २४ फेरे, म्हणजे सातशेहून जास्त गाड्या त्या तासात सुटायच्या राहिल्या. त्या सगळ्या मागच्या चौकात जाऊन उभ्या राहतात आणि तिथला अंमलदार त्यांच्यावर शिट्ट्या मारत असतो. त्याच्या चौकात दोष काहीच नसतो.

रिक्षा तिथे दोन मिनिटंच थांबते हे खरं आहे. पण ती गेली की तिथे दुसरी येते. रस्त्याला ती जागा दिवसभर भरलेलीच असते.

आता त्या मोटारीचा फोटो काढून चलन केलं. पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडली तर १,५००. कायद्याप्रमाणे बरोबर केलं. पण मोटार हलली का? मालक औषधं घेऊन दहा मिनिटांनी येणार आणि चलनाचा मेसेज त्याला संध्याकाळी घरी दिसणार. त्या दहा मिनिटांत चार फेरे वाया गेले. माझ्या हाताखालच्या पोरांना मी दिवसाअखेर एकच विचारायचो: ‘केसेस किती केल्या ते नंतर सांग, गाड्या हलवल्या किती ते सांग.’ हलवायचं म्हणजे पीए सिस्टीमवर, म्हणजे भोंग्यावर, नंबर पुकारायचा, दुकानात जाऊन मालकाला बाहेर आणायचं, नाहीच आला तर टोइंग. हे कष्टाचं काम आहे, वाद होतात, आणि रजिस्टरमध्ये त्याला रकाना नसतो.

ठाण्यातल्याच एका चौकातली गोष्ट सांगतो. चौकाचं नाव घेत नाही, तिथले रिक्षावाले आणि दुकानदार आजही तेच आहेत. सिग्नल ओलांडला की वीस पावलांवर शेअर रिक्षांचा घोळका. रोज संध्याकाळी तिथे पंधरा-वीस चलनं व्हायची, आणि रोज संध्याकाळी रांग मागच्या पेट्रोल पंपापर्यंत जायची. मी तीन संध्याकाळी युनिफॉर्म न घालता समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर वही घेऊन बसलो. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की घोळक्याचं कारण रिक्षा नाहीत. बस थांब्यावर लागायची, माणसं उतरायची आणि चार पावलांत रिक्षात बसायची. तिसऱ्या दिवशी एका वयस्कर रिक्षावाल्याशी बोललो. ते म्हणाले, ‘साहेब, पॅसेंजर जिथं उतरतो तिथं मी. तुम्ही बस पुढं न्या, मी तुमच्याआधी पुढं जातो.’

थांबा साठ पावलं पुढे न्यायला चार महिने लागले. परिवहनला पत्र, महापालिकेच्या अभियंत्यांना पत्र, मग पाहणी, मग शेडचा खर्च कुणी करायचा यावर पुन्हा पत्र. तो पुढे गेला त्या दिवसापासून तीन आठवडे रोज पाच ते नऊ मी एक अंमलदार जुन्या जागेवर उभा केला. जो जुन्या जागी थांबेल त्याला हलवायचा आणि चलनही करायचं. तिसऱ्या आठवड्यात रांगेची शेपटी पेट्रोल पंपाऐवजी अलीकडच्या देवळाशी थांबायला लागली. आणि माझ्या पॉइंटवरचा चलनांचा आकडा उतरला, तेव्हा आढावा बैठकीत मला उभं करून विचारलं गेलं की कारवाई कमी का झाली. मी वही दाखवली. ऐकून घेतलं गेलं, एवढं समाधान आहे.

यातून मी शिकलो ते असं. चौकाच्या अलीकडे जितकं लक्ष द्यायचं, त्याच्या दुप्पट पलीकडे द्यायचं. चौक ओलांडल्यावरची पन्नास-साठ पावलं मोकळी असली की निम्मं काम झालं. आपल्याकडे अंमलदार थांबारेषेवर उभा राहतो, कारण हेल्मेट, सीटबेल्ट, सिग्नल तोडणं हे सगळं तिथे सापडतं. अपघात टाळण्यासाठी ते हवंच, त्यात दुमत नाही, मी स्वतः हेल्मेटशिवाय गेलेली तरुण पोरं सिव्हिल हॉस्पिटलला पोहोचवली आहेत. पण कोंडीच्या वेळी, सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ, तोच माणूस चौकाच्या पलीकडे हवा. हेल्मेटची मोहीम दुपारी घ्या. भर गर्दीत डाव्या मार्गिकेत चार दुचाक्या अडवून कागद तपासणं म्हणजे आपणच साडेतीन मीटर रस्ता बंद करणं. हे मी वरिष्ठांना लेखी दिलं होतं आणि इथेही तितक्याच स्पष्टपणे लिहितो.

दुसरी गोष्ट सिग्नल मॅन्युअलवर घेण्याची. रांग लांबली की अंमलदाराला वाटतं, हिरवा जास्त वेळ ठेवूया, बिचारे सुटतील. पुढचा रस्ता भरलेला असेल तर हे सगळ्यात वाईट. गाड्या चौकाच्या पोटात शिरतात, पुढे जागा नसते, तेवढ्यात आडव्या रस्त्याचा दिवा हिरवा होतो आणि चौक लॉक होतो. तीन हात नाक्यासारख्या ठिकाणी, जिथे पुलाखाली इतके रस्ते एकत्र येतात, एक चौक लॉक झाला की नितीन कंपनी आणि कॅडबरीच्या चौकांपर्यंत त्याचे धक्के जातात. नवीन पोरांना मी एवढंच शिकवायचो: दिवा देताना समोर बघायचं, मागे बघायचं नाही. पलीकडे दहा गाड्यांची जागा दिसत असेल तर दहा सोड. जागा नसेल तर लाल ठेव, लोक हॉर्न वाजवू देत, शिव्या देऊ देत. आणि उलटही सांगायचो की दर वीस सेकंदांनी दिवे बदलत बसू नकोस. प्रत्येक बदलात तीन-चार सेकंद कुणीच चालत नाही, ते दिवसाअखेर फार होतात.

आता घोडबंदर रस्ता. तुमचा प्रश्न तिथला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत हा एकाच वेळी तीन रस्ते आहे. गुजरातकडे जाणाऱ्या मालाचा महामार्ग, मानपाडा-वाघबीळ-कासारवडवली पट्ट्यातल्या लाखो लोकांचा घरचा रस्ता, आणि मेट्रो ४ चं काम जोरात होतं त्या वर्षांत बॅरिकेडच्या आत गेलेलं बांधकामाचं आवार. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळला उड्डाणपूल आहेत, म्हणून वरून जाणारा सुटतो. पण खाली वळणारा आणि पुलावरून उतरून पुन्हा मिसळणारा अडकतो. कोंडीची मुळं बहुतेक या उतारांच्या पायथ्याशी आणि गायमुखच्या घाटात सापडतात.

घाटात काय होतं ते जवळून सांगतो, कारण बाहेरून ‘ट्रक बंद पडला’ एवढीच बातमी येते. पावसाळ्यातली रात्र, साडेअकरा. भरलेला ट्रेलर चढावर थांबला. मी पोहोचलो तेव्हा ड्रायव्हर मेकॅनिक आणायला भिवंडीला गेला होता, क्लीनर एकोणीस-वीस वर्षांचा, चाकाखाली दगड लावून थरथरत उभा. मागे गाड्या हॉर्न देतायत. क्रेनवाल्याने हुक लावला, ओढलं, ट्रेलर जागचा हलेना, उलट मागचे टायर घासून धूर यायला लागला. कारण पाइप फुटून हवा उतरली होती. एअर ब्रेकच्या गाडीत हवा गेली की मागची चाकं स्प्रिंगने जखडून बसतात. ती तशीच ओढली तर टायर फाटतात, गाडी हलत नाही. आधी दुसऱ्या ट्रकची हवा पाइपने जोडून द्यायची, नाहीतर ब्रेकच्या डब्याचा बोल्ट पान्याने फिरवून चाक मोकळं करायचं. त्या रात्री रांगेतल्याच एका ट्रकवाल्या दादांनी आपली हवा दिली, स्वतः गाडीखाली चिखलात झोपले, आणि पंचवीस मिनिटांत ट्रेलर कडेला लागला. ते आले नसते तर पहाट झाली असती. त्यानंतर माझ्या जीपमध्ये हवेचा पाइप, दोन मापांचे पाने आणि लाकडी गुटके कायम असायचे.

ट्रक दहा मिनिटांत हलला की वीस, यात फरक किती पडतो? समजा तासाला ३,००० गाड्या येतायत आणि रस्ता ३,३०० घेऊ शकतो. ट्रक बंद पडला, रस्ता २,००० वर आला. वीस मिनिटांत ३३३ गाड्या तुंबल्या. ट्रक हलला तरी रस्त्याला तासाला ३०० गाड्यांचीच जादा ताकद आहे, म्हणून ती तुंबलेली रांग फिटायला आणखी सव्वा तास जवळजवळ. एकूण दीड तासाची कोंडी. तोच ट्रक दहा मिनिटांत हलवला तर सगळं मिळून पाऊण तासाच्या आत निपटतं. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण प्रमाण हेच राहतं: सुरुवातीची दहा मिनिटं वाचली की शेवटचा पाऊण तास वाचतो. म्हणून मोठी क्रेन पोलिस ठाण्याच्या आवारात ठेवून उपयोग नाही. ती घाटाच्या पायथ्याला, ठाण्याच्या दिशेला एक आणि शक्य असेल तर वरसावेच्या दिशेला दुसरी, ड्रायव्हरसकट उभी पाहिजे. छोट्या हायड्रा क्रेनने रिकामा टेम्पो ओढला जातो, चाळीस टनांचा ट्रेलर नाही. घाटासाठी कुठली क्रेन आहे हे विचारायचा तुम्हाला नागरिक म्हणून पूर्ण हक्क आहे. शहराने कोंडीवर एक रुपया खर्च करायचा ठरवला तर तो मी पहिला इथे लावेन.

मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ यासाठीच आहे. धोका किंवा अडथळा करणारं सोडलेलं, नादुरुस्त वाहन पोलिस अधिकारी ताबडतोब हलवू शकतो आणि खर्च मालकाकडून वसूल होतो. ‘मालकाची परवानगी’ वगैरे वाट बघायची नसते.

पुढचा मुद्दा हद्दीचा. ठाणे पोलिस आयुक्तालय १९८१ चं, नवी मुंबई १९९४ मध्ये वेगळं झालं, आणि १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय सुरू झालं. म्हणजे वरसावेला गाडी अडली की शेपटी गायमुखमार्गे ठाण्यात येते, शिळफाट्याला अडली की मुंब्रा बायपासवर येते, मुलुंडला अडली की कोपरीवर. कोंडीला हद्द नसते, वायरलेसच्या चॅनलला असते. आमच्या काळात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट कुठल्याही परिपत्रकात नव्हती. शेजारच्या हद्दीतल्या तीन-चार अधिकाऱ्यांचे वैयक्तिक नंबर, आणि एकमेकांना खोटं सांगायचं नाही हा शब्द. ‘दादा, माझ्याकडे घाट बंद आहे, अर्धा तास अवजड सोडू नका’ असा फोन वेळेत गेला तर माणकोली आणि अंजूरफाट्याला ट्रक थोपवता येतात, काहींना चिंचोटीच्या रस्त्याने वळवता येतं. तोच निरोप कंट्रोलमधून फिरून यायला वीस मिनिटं लागतात आणि तोवर दोनशे ट्रक घाटाच्या तोंडाशी.

अवजड वाहनांच्या वेळांबद्दल लोकांच्या मनात राग आहे आणि तो मला समजतो. दुपारी १२ ते ४ आणि रात्री १० नंतर पहाटेपर्यंत, ही वेळ ठाण्यात वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडी आहे. अधिसूचना काढून ती मधूनमधून बदलली जाते. बंदी चांगलीच आहे. पण बंदीच्या वेळात ते ट्रक जातात कुठे? न्हावा-शेवा बंदरातून निघालेला कंटेनर शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव असा येतो. त्याला थांबायला आवार नसेल तर तो महामार्गाच्या कडेला थांबतो, म्हणजे बंदीच्या वेळातही एक मार्गिका खातो. आणि रात्री दहाच्या ठोक्याला सगळे एकदम निघतात. साकेत पुलाकडे आणि माजिवड्याला साडेदहा-अकराला लागणारी रांग पुष्कळदा अशी लागते. त्यांना वीस-वीसच्या तुकड्यांनी, पाच-सात मिनिटांच्या अंतराने सोडलं की रस्ता पचवतो. त्यासाठी शहराच्या वेशीवर थांबण्याची पक्की जागा, पाणी, संडास आणि चार माणसं लागतात. ड्रायव्हर माणूस आहे. त्याला आठ तास उन्हात रस्त्याच्या कडेला ताटकळत ठेवून शिस्त लागत नाही.

चौकाचौकातल्या कारवाईला कायद्याचा आधार किती भक्कम आहे, हेही पाहायला हवं. नो पार्किंग किंवा एकदिशा मार्ग करायचा तर अधिसूचना लागते. एक महिन्यापुरता बदल असेल तर कलम ११५ मध्ये राजपत्रातल्या प्रसिद्धीची सूट आहे, स्थानिक प्रसिद्धी मात्र करावी लागते. शिवाय जागेवर फलक पाहिजे. फलक झाडाच्या फांदीमागे असेल किंवा नवरात्राच्या कमानीने झाकला असेल तर वाहनधारक वाद घालणारच, आणि त्याचं म्हणणं चूक नसतं. टोइंगवरून होणाऱ्या निम्म्या भांडणांचं मूळ हेच असतं. मी माझ्या विभागातले फलक वर्षातून दोनदा पायी फिरून तपासायचो. उलट एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते: फलक नसला तरी रहदारीला अडथळा होईल अशी गाडी उभी करणं कलम १२२ खाली गुन्हाच आहे. ‘इथे बोर्ड कुठे आहे’ हा प्रश्न चौकाच्या तोंडावर गाडी लावणाऱ्याला शोभत नाही.

कॅमेऱ्याच्या चलनांबद्दल माझं मत मिश्र आहे. कॅमेरा दमत नाही, ओळख बघत नाही, हप्ता मागत नाही. थांबारेषेची आणि सिग्नलची शिस्त कॅमेऱ्याने सुधारते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे अशा चलनाची सूचना घटनेपासून १५ दिवसांत द्यायची असते आणि कॅमेरा असलेल्या पट्ट्याआधी तसा फलक लावायचा असतो. हे पाळलं जावं, कारण दीड वर्षाने सात चलनांचा गठ्ठा एकदम दिसला तर माणूस त्यातून काही शिकत नाही, नुसता चिडतो. थकलेला दंड लोक अदालतीपर्यंत तसाच पडून राहतो, आणि दंडाचा धाक त्यातच संपतो. रक्कम वाढवून तो परत येत नाही. रोज त्याच जागी, त्याच चुकीला, दोन दिवसांत निरोप मिळाला की येतो. मात्र कॅमेरा रस्त्यातली गाडी हलवू शकत नाही, एवढं लक्षात ठेवून त्याच्याकडून अपेक्षा ठेवावी.

उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकींचंही तसंच. घोडबंदरला सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडून समोरच्या बाजूला जायला दीड-दोन किलोमीटर पुढून वळून यावं लागत असेल, तर रोज काही जण उलटे येणार. ते जिवावरचं आहे, माफ करण्यासारखं मुळीच नाही. मी तिथे कारवाई केली आणि पुन्हा करेन. पण तीच पन्नास माणसं रोज त्याच गेटमधून येत असतील, तर चलनाच्या जोडीला दुभाजकातला कट कुठे हवा, सेवा रस्ता सलग आहे का, त्यावर काँक्रीटचे मिक्सर ट्रक आणि शाळेच्या बस तर उभ्या नाहीत ना, हे पाहणी करून महापालिकेला आणि रस्त्याच्या मालक यंत्रणेला लिहिलंच पाहिजे.

काही कोंडी पोलिसांच्या हातात नसते, हेही प्रामाणिकपणे मान्य करतो. कोपरीचा रेल्वेवरचा पूल रुंद होण्याआधी महामार्गाच्या आठ मार्गिका तिथे चारवर यायच्या. आम्ही वर्षानुवर्षं तिथे माणसं उभी केली, शिट्ट्या फुंकल्या, आणि रांग हटली नाही, कारण आठातून चार जाताना रांग होणारच. २०२३ मध्ये पूल पूर्ण रुंद झाला आणि तो नाका सैल झाला. पावसाळ्यातले खड्डेही तसेच. खड्ड्यापाशी प्रत्येक गाडी दोन-तीन सेकंद जास्त घेते, आणि दर दोन सेकंदांना एक गाडी जाणाऱ्या रस्त्यावर तेवढ्याने क्षमता निम्मी होते. भर पावसात आमची पोरं पेव्हर ब्लॉक आणि खडी टाकून खड्डे बुजवतात, लोक फोटो काढून कौतुक करतात. मला ते फोटो पाहून वाईट वाटायचं. ते काम ज्यांचं आहे त्यांनी वेळेत केलं असतं, तर तो अंमलदार चौकाच्या पलीकडे उभा राहिला असता.

आणि त्या अंमलदाराबद्दल. बारा तास धूर, मेट्रोच्या कामाची धूळ, पायाखाली तापलेलं डांबर. महिला अंमलदारांना तर जवळ स्वच्छतागृह नसतं म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. दहीहंडी, गणपती, टेंभी नाक्याची नवरात्र आली की वाहतुकीची माणसं बंदोबस्ताला जातात आणि चौक वॉर्डनच्या भरवशावर राहतात. वॉर्डन मदतनीस आहे, त्याला चलन करायचा अधिकार नाही, हे वाहनचालकांना माहीत असतं आणि ते त्याच्याशी तसेच वागतात. एका माणसाकडून सलग चार तासांपेक्षा जास्त नाक्याचं काम चांगलं होत नाही, हा माझा अनुभव आहे. चार तासांनंतर तो डोळ्यांनी बघतो, पण त्याला दिसत नाही. गर्दीच्या दोन वेळांना ताजी माणसं आणि मधल्या वेळेला कमी, अशी वाटणी जिथे केली तिथे तेवढ्याच संख्याबळात फरक पडला.

तुम्ही काय करू शकता? सोसायट्यांच्या वतीने तक्रार देताना ‘घोडबंदरला फार ट्रॅफिक आहे, कारवाई करा’ असं लिहू नका. त्याचं उत्तर मोहीम काढून चलनं वाढवणं हेच येतं. एक आठवडा रोज संध्याकाळी रांगेची शेपटी कुठवर आहे ते लिहा, कुठल्या उताराच्या पायथ्याशी काय उभं असतं त्याचे वेळेसकट फोटो ठेवा, आणि वाहतूक उपायुक्तांकडे एका जागेसाठी एकच मागणी करा: हा थांबा चाळीस मीटर पुढे, हा कट बंद, या वेळेत या ठिकाणी एक माणूस. मागणी इतकी नेमकी असली की अधिकाऱ्याला ती करता येते आणि न केल्यास उत्तर द्यावं लागतं. महिन्याच्या अहवालात चलनांच्या आकड्यासोबत बंद पडलेल्या गाड्या किती मिनिटांत हलवल्या तो आकडाही मागा.

आणि रस्त्यात बंद पडलेलं अवजड वाहन दिसलं तर ११२ ला फोन करताना चार गोष्टी सांगा. दिशा कुठली, ठाण्याकडे की घोडबंदरकडे. जवळच्या मेट्रोच्या खांबाचा नंबर. गाडी भरलेली आहे की रिकामी. आणि जमलं तर क्लीनरला विचारून, हवा उतरली आहे, टायर गेला आहे की क्लच. नियंत्रण कक्षातल्या माणसाला एवढं मिळालं की योग्य क्रेन पहिल्याच फेरीत निघते.